आत कुणीतरी उभं हाय

अण्णांनी भिंतीला कान लावला आणि डावा हात वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली. सौ.नं स्वयंपाकघरातला मिक्सर बंद केला. मी पंखा बंद केला. शेजारच्या वाड्यात कुकर लागला होता. त्याच्या शिट्ट्या संपेपर्यंत अण्णा कान लावून तसेच उभे. मग हातोडीच्या दांड्यानं टकटक करत ते डावीकडून उजवीकडं सरकू लागले. ठप, ठप, ठप. एका जागी जरा निराळाच आवाज आला. अण्णा मागं सरले, कानावरची पेन्सिल काढून तिथं फुली मारली आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलावं तशा बेतानं म्हणाले,

"दाजी, आत कुणीतरी उभं हाय."

साताऱ्यातल्या यादोगोपाळ पेठेतला जुना वाडा. त्यातही मोरी. घराण्यातून पूर्वी नाहीसे झालेले दोन पुरुष माझ्या डोळ्यांपुढून झरकन जाऊन आले.

"कोण?" मी हळूच विचारलं.

"सागवान," अण्णा म्हणाले आणि चहा मागितला.

भोपळे ठोकून अण्णांचा कान तयार झाला आहे. लहानपणी त्यांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दोन वर्षं उमेदवारी केली. कुठला भोपळा तंबोऱ्याला चालेल आणि कुठला भाजीलाही चालणार नाही, हे वाजवून ओळखायचं त्यांचं काम होतं म्हणे. पुढं सुरांत मन रमेना म्हणून ते पाइपांत शिरले. पण कान तोच राहिला. नळ सोडला की पाणी बारीक कुठं होतं, हवा कुठं अडकली आहे, टाकीचा बॉल कधी बसणार आहे, हे सगळं त्यांना अंगणात बसून कळतं. आमच्याकडं आल्या आल्या, चपला काढायच्या आधीच ते म्हणाले होते, "वरच्या संडासाचा वायसर गेलाय न्हवं?" गेला होता. चार वर्षांपासून.

आता सांगलीचा प्लंबर साताऱ्यात कसा, ते सांगायला हवं.

आमचा चिरंजीव अमेरिकेत डॅलसला असतो. एका दिवाळीत तो आला, मोरीतल्या पांढऱ्या चौकोनी फरश्यांकडं पाहून हळहळला आणि परत गेल्यावर त्यानं एक फोटो पाठवला. फोटोत राखाडी भिंत, भिंतीच्या बरोब्बर मध्यावर एक चकचकीत गोल तबकडी, तिला एकच दांडी, वर ताटाएवढा शॉवर. पाइप नाही, नळ नाही, बादली नाही. या तबकडीच्या मागं भिंतीत जो पितळी अवयव बसतो त्याला डायव्हर्टर म्हणतात. गरम आणि गार पाणी त्याच्या पोटात एकत्र येतं आणि तिथून वर शॉवरला किंवा खाली तोटीला जातं. बाहेर फक्त मुखडा दिसतो, संसार सगळा भिंतीत. चिरंजीवानं तो पुण्याहून मागवून घरपोच केला, म्हणजे आता माघार नव्हती.

पहिल्या स्थानिक प्लंबरानं अंदाज दिला आणि अंतर्धान पावला. दुसऱ्यानं येऊन भिंतीला कटर लावला. वीतभर झिरी मारून झाल्यावर पात्यातून धूर निघाला, जळक्या लाकडाचा वास सुटला. "पिलर लागला," असं म्हणून तो चहाला गेला, तो मशिनही न्यायला चार दिवस फिरकला नाही. मग सौ.नं माहेरी फोन लावला. माहेर सांगली. तिच्या भावाच्या विश्रामबागच्या घराचं सगळं काम अण्णांनी केलेलं. त्या नात्यानं ती त्यांची ताई, आणि मी आपोआप दाजी. माहेरचा प्लंबर घरात आला की नवऱ्याची काय जागा उरते, ते मला पुढच्या सव्वा महिन्यात समजलं.

"येतो की," अण्णा फोनवर म्हणाले.

या 'की'वर भाषाशास्त्रज्ञांनी काम करायला हवं. साताऱ्याचा माणूस 'येतो' म्हणाला तर तो येतो किंवा येत नाही. सांगलीचा माणूस 'येतो की' म्हणतो तेव्हा येणं हा प्रश्न उरतच नाही. तुम्ही शंका घेतलीच कशी, एवढाच मुद्दा राहतो. कधी येणार, हे 'की'मध्ये बसत नाही. मी सहा वेळा फोन केला, सहा वेळा मला 'येतो की' मिळालं आणि प्रत्येक वेळी मीच ओशाळून फोन ठेवला. सातव्या दिवशी न सांगता ते कोयना एक्स्प्रेसनं येऊन दारात उभे. पांढरा हाफ शर्ट, खिशात टेफ्लॉन टेपच्या दोन गुंडाळ्या, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. पिशवीत दोन पान्हे, छन्नी, ओळंबा, पाणसळ आणि घडी केलेली लुंगी.

"कोयनेनं आलो," ते म्हणाले. "येरवी कोयनाच आमच्याकडं येती."

तेव्हा मला हा टोमणा आहे हे कळलं नव्हतं.

सांगलीचा माणूस पाणी फुटांत मोजतो. आपण म्हणतो पाऊस फार झाला, तो म्हणतो 'आयर्विनला अडतीस'. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि त्यापुढं जे काही होतं त्याला आकडा असला तरी शब्द नाही. अण्णांच्या आयुष्यातल्या सगळ्या घटना याच पट्टीवर लावलेल्या आहेत. थोरलीचं लग्न त्रेपन्न फुटांच्या साली, म्हणजे २००५ ला. धाकट्यानं दुकान काढलं ते सत्तावन्न फुटांच्या आदल्या साली. सत्तावन्न फूट म्हणजे २०१९. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी हत्यारांची पिशवी जपून माळ्यावर ठेवली, आणि पाणी माळ्यावर गेलं. "चाळीस वर्सं मी पाण्याला वाट दाखवली दाजी," ते सांगत होते, "आन त्या सालाला ते माज्या घरात आलं, मला न विचारता समद्या खोल्या बघून गेलं." एवढं बोलून ते थांबले. मग आपणच म्हणाले, "पिशवी गावली पर. चिखलात. पान्ह्याला गंज न्हाई."

या सगळ्याला जबाबदार कोण, याबद्दल त्यांच्या मनात संशय नाही. सातारकर. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वेण्णा तिला माहुलीला मिळते, कोयना कऱ्हाडला. सगळा कारभार सातारा जिल्ह्यात होतो आणि निकाल सांगलीला लागतो. मी निवृत्त शिक्षक आहे, पाटबंधारे खात्याशी माझा संबंध नाही, हे मी सांगून पाहिलं. पण जेवायला बसलो की एका बाजूनं अण्णा, दुसऱ्या बाजूनं सौ., आणि मधे मी एकटा कोयना धरणाचे एकशेपाच टीएमसी पाणी अडवून बसलेला. आमटी वाढून घेतानासुद्धा अण्णा म्हणायचे, "सोडा हळूहळू. एकदम नगं."

तर सागवान.

वाड्याच्या बांधणीची गोष्ट अण्णांनी मला माझ्याच घरात समजावून दिली. आपल्याला वाटतं भिंतीवर घर उभं असतं. वाड्याचं तसं नसतं. आधी खांब उभे राहतात, त्यांवर तुळया बसतात, तुळयांवर माडी. मग खांबांच्या मधल्या जागा विटा-मातीनं भरून घेतात. भिंत ही नुसती भरणी. भार सगळा लाकडावर. आमच्या मोरीच्या भिंतीत असाच एक खांब गिलाव्याखाली गडप झालेला होता आणि तो नेमका तिथं होता, जिथं डॅलसच्या फोटोत ती चकचकीत तबकडी होती. त्याच्या पुढं गिलावा उरला होता जेमतेम इंचभर. डायव्हर्टरच्या पोटाला लागतात अडीच-तीन इंच.

"मग दोन इंच खाच मारू या," मी म्हणालो.

अण्णा काही बोलले नाहीत. मला जिन्यानं माडीवर घेऊन गेले. खांबाच्या बरोबर वर काय काय आहे ते एकेक दाखवलं. सौ.चं शिवणयंत्र. लोखंडी कपाट. धान्याच्या तीन कोठ्या. कॉटवर झोपलेले माझे थोरले बंधू, वय ८१, वजन ९०.

"ह्या समद्यांना धरून तो उभा हाय," अण्णा म्हणाले. "आन तुमी त्याच्या पोटात गरम पाणी घालणार?"

बंधू जागे झाले आणि विचारू लागले, कुणाच्या पोटात?

अण्णांचा स्वभाव असा की ज्यानं आधी काम केलं त्याला ते नावं ठेवत नाहीत. बहुतेक प्लंबर येतात ते "हे कुठल्या गाढवानं केलंय?" या मंत्रानं कामाला सुरुवात करतात. अण्णांचं उलटं. त्यांना मेलेले सगळे कारागीर आवडतात. हयात एकही नाही. खांबाच्या पायाशी त्यांनी चार विटा सुट्या केल्या, आत बॅटरी मारली आणि मला ओणवं करून दाखवलं: खांब जमिनीत पुरलेला नव्हता, दगडी तळखड्यावर बसवलेला होता. त्यामुळं इतकी वर्षं मोरीत पाणी सांडूनही बुडखा कोरडा. पेचकस टोचून पाहिला, टोक शिरेना. "मेला त्यो सुतार, त्याला अक्कल हुती," अण्णांनी टोपी काढली. वडिलांनी घातलेली जुनी जीआयची लाइन काढताना एक सांधा सुटेना. दोन पान्हे लावून, त्यावर अण्णा आणि मी दोघं लोंबकळून तो सुटला, तर आट्यांवर सूत आणि सफेदा तसाच चिकटलेला. "बगा, मेल्यानं दोरा कसा भरलाय!" त्यांनी तो एल्बो पुसून पिशवीत टाकला. घरी असे बरेच आहेत म्हणाले. साताऱ्यात पूर्वी यवतेश्वराकडून खापरी नळानं पाणी यायचं आणि कासच्या तलावाचं पाणी तर आजही डोंगरावरून उतारानंच येतं, पंप लागत नाही, हे मी सांगितलं तेव्हा साताऱ्याबद्दल त्यांच्या तोंडून पहिला आणि शेवटचा चांगला शब्द निघाला. तोही मेलेल्यांबद्दलच.

खांब कापायचा नाही म्हटल्यावर चिरंजीवाला कळवणं भाग होतं. व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, यात काय विशेष, इथं तर सगळ्याच भिंतींत लाकूड असतं. मग त्यानं तिकडची रीत सांगितली. सोळा सोळा इंचांवर उभ्या पट्ट्या, त्यांना स्टड म्हणतात. बाहेरून जिप्समचा तक्ता ठोकला की झाली भिंत. मधल्या पोकळीत प्लंबर आडवी फळी मारून त्यावर डायव्हर्टर बसवतो. पट्टी आडवी आलीच तर तिला भोक पाडतात.

"केवढी असती पट्टी?" अण्णांनी विचारलं.

"टू बाय फोर. म्हणजे खरी दीड बाय साडेतीन इंच."

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. "दोन बाय चार म्हणायचं आन दीड बाय साडेतीन द्यायचं? आमच्या गणपती पेठेत असल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुकान उघडू देणार न्हाईत."

चिरंजीव चिवट आहे. तो म्हणाला, भार घेणारी पट्टी असेल तर खाच तिच्या रुंदीच्या पाव भागापर्यंत चालते, तसा नियमच आहे. आणि भोक कडेच्या जवळ आलं तर वरून पोलादी पट्टी ठोकतात, म्हणजे उद्या कुणी खिळा मारला तरी पाइपात घुसत नाही. पाव भागाचं अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोलादी पट्टीपाशी मात्र ते थांबले. परत विचारलं. केवढी, किती जाड, कुठं ठोकतात. "हे शाण्यानं काढलंय," ते म्हणाले आणि लगेच विचारलं, "हयात हाय का?"

पुढचे तीन आठवडे मी तपशिलात सांगत नाही. मोरी उकरलेली होती. मी शेजाऱ्यांकडं अंघोळीला जात होतो आणि त्यांच्या घरातलं राजकारण मला नको इतकं कळू लागलं होतं. मधेच अण्णा नाहीसे झाले. फोनवर 'येतो की'. नंतर समजलं, ५ नोव्हेंबर आला होता. रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हापासून त्या गावात प्रत्येक माणूस एक तर नट असतो किंवा नटाला ओळखतो. अण्णा भावे नाट्यमंदिरात जाऊन आले. आल्यावर दोन दिवस झिरी मारतानासुद्धा हातवारे जरा रुंद होते.

शेवटी तोडगा त्यांनी ओल्या बोटानं फरशीवर काढून दाखवला. डायव्हर्टर एक वीत डावीकडं. तिथं खांब नाही, विटा आहेत. हवं तेवढं खोल जाता येतं. पण गिझर उजवीकडं, तेव्हा गरम पाण्याचा पाइप खांब ओलांडून यायला हवा. खांबाच्या पुढं इंचभरच जागा. अर्धा इंची सीपीव्हीसी तिथं अंग चोरून बसतो. बसतो, पण वर गिलावा आणि फरशी एवढंच. उद्या कुणी टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल मारलं की संपलं. अण्णांनी माळ्यावरच्या मोडक्या कपाटाच्या दाराचा पत्रा कापून आणला, चार पदरी दुमडला, ठोकून सपाट केला आणि पाइपावरून दोन्ही बाजूंच्या विटांत स्क्रू मारून बसवला. लाकडाला एकही खिळा नाही. मला डॅलसला फोन लावायला सांगितला, कॅमेरा त्या पत्र्यावर धरायला लावला आणि काही न बोलता बाजूला उभे राहिले.

"सेंटरला नाही आला, बाबा," चिरंजीव म्हणाला.

"त्याला म्हणावं, मधी खांब हाय. त्यो आधी आलाय."

मग फरशीवाला आला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. डायव्हर्टरवर कंपनीनं प्लास्टिकची टोपी दिलेली असते, तिच्यावर दोन रेघा: मिन आणि मॅक्स. तयार फरशीचा चेहरा या दोन रेघांच्या मधे आला पाहिजे. आत गेला तर तबकडी भिंतीला टेकत नाही, बाहेर आला तर दांडीच बसत नाही. सरळ भिंतीत हे सोपं. आमच्या भिंतीला अण्णांनी ओळंबा सोडला तर ती खालपर्यंत येईतो दीड इंच मागं गेलेली. वर गिलावा अर्धा इंच तर खाली दोन इंच. फरशीवाला पोरगा मसाला थापायचा, अण्णा त्याच्या खांद्यावरून टोपीकडं बघत उभे. "मिनच्या आत गेला तर तुजी मजुरी, मॅक्सच्या भायेर आला तर माजी." दोन फरश्या उखडल्या गेल्या. पोरगा रडकुंडीला आला. तिसरी बसली ती रेघांच्या अगदी मधोमध. अण्णांनी त्याला स्वतःच्या बशीतला अर्धा चहा दिला. हयात कारागिराला त्यांनी दिलेलं एवढंच प्रशस्तिपत्र माझ्या पाहण्यात आहे.

क्रम चुकला. फरशीच्या आधीची एक रात्र सांगायची राहिली, आणि तीच मला जास्त आठवते. पाइपांची सगळी तोंडं प्लग लावून बंद केली, हातपंपानं लाइनमध्ये दाब भरला, काट्यावर पेन्सिलीनं खूण केली. सकाळपर्यंत काटा हलला नाही तर सांधे पक्के. कुणीही झोपून सकाळी उठून बघेल. अण्णांनी लुंगी नेसली आणि उकरलेल्या मोरीत, विटांच्या भुग्यात चटई टाकून ते आडवे झाले. भिंतीला डोकं लावून. मी रात्री दोनला उठलो तर जागेच होते.

"काही ऐकू येतंय?" मी विचारलं.

"तुमचे थोरले घोरत्यात," ते म्हणाले. "खांबातनं खाली येतंय. पाणी गप हाय."

सकाळी काटा जागच्या जागी होता.

काम झालं त्या दिवशी दांडी उचलली, ताटाएवढ्या शॉवरमधून पाणी आलं, डावीकडं फिरवली तर गरम, उजवीकडं गार, सगळं जिथल्या तिथं. आणि एक गंमत लक्षात आली: दांडी वीतभर बाजूला असल्यामुळं शॉवरखाली न जाता बाहेर उभं राहून पाणी सुरू करता येत होतं. पहिलं गार पाणी अंगावर येत नाही. फोटोतल्या माणसाच्या अंगावर ते रोज पडत असणार. ते मी अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "तेवढ्यासाठीच ठिवलंय." हे खोटं होतं, पण इतक्या सफाईनं बोलले की मला भावे नाट्यमंदिर आठवलं. पहिल्या अंघोळीचा मान त्यांनी घ्यावा असा आम्ही आग्रह केला. त्यांनी शॉवरकडं खालून वर पाहिलं, बादली मागितली, ती तोटीखाली भरली आणि तांब्यानं अंघोळ केली. "ह्यात किती सांडलं त्याचा हिशेब लागत न्हाई," बाहेर येऊन म्हणाले. जाताना सौ.नं कंदी पेढ्यांचा पुडा दिला. अण्णांनी माझ्याकडून पैसे घेतले, खांबाच्या जागी भिंतीवर एकदा थाप मारली आणि गेले.

जुलैच्या शेवटी तीन दिवस साताऱ्यात सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला तेव्हा मी शॉवरखाली होतो. सौ.नं दारातून हात घालून फोन दिला. स्वतःहून अण्णांनी फोन केल्याची ही पहिलीच वेळ.

"दाजी, कोयनेचं दार किती उचललंय?"

"बातम्यांत सांगतील की, अण्णा." एव्हाना मलाही ते लागलं होतं.

"आयर्विनला सदतीस हाय." फोनवर जरा वेळ नुसता पाऊस वाजत होता, त्यांच्याकडचा की आमच्याकडचा कळेना. मग आवाज खाली आला. "दाजी, मला आयकू यायलंय. बंद करा की."

मी दांडी खाली केली.